ऑप्शनला टाकलेले गणित

दहावीचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत, आणि आर्वीसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावात, घरोघरी एकच चर्चा सुरू होते: मॅथ्स ठेवायचे की बायो? 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्यामुळे ही चर्चा पुष्कळदा सायबर कॅफेतल्या खुर्चीपर्यंत पोचते आणि मागे फॉर्म भरणाऱ्यांची रांग उभी असताना तिथेच निकालात निघते. कोणी सांगतो, पीसीएमबी घे, दोन्ही दरवाजे उघडे राहतील. कोणी सांगतो, गणितात साठच पडले ना, मग बायोच बरे. या सल्ल्यांमागे आपुलकी असते, काळजी असते, पैशाचा हिशेबही असतो. पण सगळे जण एक गोष्ट धरून चालतात की गणिताची निवड त्या दिवशी, त्या फॉर्मवर होते. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि ती महागात पडणारी आहे. कलनाची, म्हणजे मुले ज्याला कॅल्क्युलस म्हणतात त्या विषयाची, तयारी करायची तर शाळेत कोणते गणित निवडावे हा या पुस्तिकेचा विषय आहे. फॉर्मवर कोणत्या विषयापुढे टिक केली यापेक्षा नववी, दहावी आणि अकरावीत विद्यार्थ्याने कोणती प्रकरणे सोडून दिली, यावर ती तयारी ठरते, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेतल्या हायस्कुलांत बीजगणित, भूमिती, पुढचे बीजगणित, कलनपूर्व गणित आणि मग कलन असे वेगवेगळे वर्ग असतात. मुलाने कोणता वर्ग कधी घ्यावा यावर तिथे पालक वर्षानुवर्षे डोके लावतात. आपल्याकडे असे नाही. काही वर्षे नववी-दहावीला सामान्य गणिताचा पर्याय होता, तो बंद झाला. सीबीएसईने 2020 च्या परीक्षेपासून दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर केले. राज्य मंडळाच्या शाळेत मात्र गणित एकच. भाग 1 म्हणजे बीजगणित, 40 गुण. भाग 2 म्हणजे भूमिती, 40 गुण. अंतर्गत मूल्यमापन 20. सगळ्यांना तेच पुस्तक, तोच पेपर. वरवर पाहता निवडीला जागाच नाही. पण जागा आहे, आणि ती प्रश्नपत्रिकेत आहे. बारावीच्या गणिताच्या 80 गुणांच्या पेपरात दोन गुणांच्या बारा प्रश्नांपैकी आठ सोडवायचे असतात, तीन गुणांच्या बारापैकी आठ, चार गुणांच्या आठपैकी पाच. म्हणजे छापलेल्यांपैकी 32 गुणांच्या प्रश्नांना हातही न लावता ऐंशीपैकी ऐंशी मिळू शकतात. या सवलतीमागचा हेतू चांगलाच आहे, परीक्षेच्या ताणात मुलाला थोडी मोकळीक मिळावी. पण या मोकळिकीतूनच आपल्या विद्यार्थ्यांचा सर्वांत प्रचलित वाक्प्रचार जन्मला: हा चॅप्टर ऑप्शनला टाकला. अभ्यासक्रम निवडण्याची आपली पद्धत हीच आहे. तिची कुठे नोंद होत नाही, तिच्यावर घरात चर्चा होत नाही, आणि ती सगळ्यांत जास्त परिणाम करते.

कलन म्हणजे काय हे इथे दोन वाक्यांत सांगून टाकावे. आर्वी तालुक्यात धनोडीजवळ वर्धा नदीवर निम्न वर्धा धरण आहे. पावसाळ्यात त्यात पाणी किती आहे हा एक प्रश्न, आणि या घडीला ते किती वेगाने चढते आहे हा दुसरा; पहिल्यावरून दुसरा काढणे म्हणजे अवकलन (मुलांच्या भाषेत डेरिव्हेटिव्ह), दुसऱ्यावरून पहिला काढणे म्हणजे समाकलन (इंटिग्रेशन). दरवाजे किती उघडायचे हे ठरवताना नुसती पातळी पुरत नाही, येव्याचा वेगही लागतो. कल्पना एवढी साधी आहे की सातवीतल्या मुलालाही ती सांगता येते. मग बारावीत मुले कशात अडकतात? माझ्या मते कल्पनेत फार थोडी अडकतात. बहुतेकांचे पाऊल घसरते ते जुन्या पायरीवर.

एक उदाहरण जवळून पाहू. x² चे डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचे आहे. आधी (x + h)² मधून x² वजा करायचे, उरलेल्याला h ने भागायचे आणि मग h ला शून्याकडे न्यायचे. विद्यार्थ्याने (x + h)² चा विस्तार x² + h² असा केला, तर वजाबाकीनंतर नुसते h² उरते, भागाकारानंतर h, आणि h शून्याकडे गेला की उत्तर शून्य. म्हणजे या मुलाच्या वहीत x² चा आलेख कुठेही चढत नाही, कुठेही उतरत नाही, रस्त्यासारखा सपाट आहे. उत्तर चुकले हे त्याला मागचे पान पाहून कळते. का चुकले हे मात्र कळत नाही, कारण त्याला वाटते की आपल्याला लिमिट येत नाही. लिमिट त्याने बरोबर घेतली आहे! h चे शून्य बरोबर केले आहे. राहिले ते 2xh, आणि ते सातवीत शिकवलेल्या विस्तारसूत्रातले आहे. अशा मुलाला लिमिटची आणखी पन्नास उदाहरणे दिली तर तो पन्नास वेळा सपाट रस्ता काढील आणि शेवटी म्हणेल की कॅल्क्युलस माझ्या डोक्याबाहेरचे आहे. एका गुणाकाराची चूक अशी मुलाच्या स्वतःबद्दलच्या मताचा भाग होऊन बसते. मला याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

हीच गोष्ट जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला लागू आहे. लिमिटमध्ये वर्गमुळे आली की अंश किंवा छेद परिमेय करून घ्यावा लागतो. ती रीत नववीच्या वास्तव संख्या या प्रकरणातली आहे, आणि दहावीला जाताना तिला बहुतेक जण विसरून जातात. समाकलनात आंशिक अपूर्णांक करायचे तर छेदाचे अवयव पाडता यायला हवेत, म्हणजे पुन्हा बहुपदी आणि वर्गसमीकरण. स्पर्शिकेचे समीकरण लिहायचे तर रेषेचा चढ आणि एक बिंदू यांवरून समीकरण मांडता यायला हवे. दहावीच्या निर्देशक भूमितीत चढ येतो, अकरावीच्या सरळ रेषेच्या प्रकरणात समीकरण येते. त्रिकोणमितीची कथा तर वेगळीच आहे. दहावीपर्यंत कोन अंशांत मोजायचा, अकरावीच्या भाग 1 च्या अगदी पहिल्या प्रकरणात तो रेडियनमध्ये मोजायला शिकवतात. प्रकरण छोटे, सोपे, म्हणून ते दोन तासांत उरकले जाते. पण sin x चे डेरिव्हेटिव्ह cos x येते ते x रेडियनमध्ये असेल तरच. अंशांत घेतले तर त्याला π/180 ने गुणावे लागते. sin x ला x ने भागून x शून्याकडे नेला की उत्तर 1 का येते, हेही रेडियनशिवाय समजत नाही. लॉगॅरिथमचे तसेच. नववी-दहावीच्या पुस्तकांत ते नाही, अकरावीत फलनांच्या प्रकरणाच्या पोटात ते येऊन जाते, आणि ज्याने ते प्रकरण टाकले त्याला 1/x चे इंटिग्रेशन log x का, हे आयुष्यभर मंत्रासारखे पाठ म्हणावे लागते.

फलन या प्रकरणावर थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते कलनपूर्व गणितातली सर्वांत मोठी उडी तिथे आहे. दहावीपर्यंतचे बीजगणित अज्ञात शोधण्याचे असते. x ची किंमत कुठेतरी दडलेली असते आणि ती हुडकून काढली की काम संपते. फलनात x कुठे दडलेला नसतो, तो फिरता असतो, आणि आपल्याला पाहायचे असते ते x हलल्यावर दुसरे काय कसे हलते. f(x + h) हे चिन्ह पाहून पुष्कळ मुले f ला x आणि h यांनी गुणायला लागतात. यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही, कारण तोवर कंसाबाहेर अक्षर दिसले की त्याचा अर्थ गुणाकार, हेच त्यांना शिकवलेले आहे. नववीच्या बहुपदीत p(2) काढताना फलनाचे बीज पेरलेले असते, पण ते कोणी सांगत नाही. ज्या मुलाला f(x) म्हणजे एक यंत्र, आत x टाकला की बाहेर ठरलेले काहीतरी पडते, हे हाताला लागले, त्याच्यासाठी कलनाची अर्धी भाषा परिचयाची झाली. 2019 साली आलेल्या अकरावीच्या पुस्तकात भाग 2 च्या शेवटी फलन, लिमिट, सातत्य आणि डेरिव्हेटिव्ह ही चार प्रकरणे एका ओळीने येतात. 2020 च्या बारावीच्या पुस्तकातल्या भाग 2 मध्ये आठपैकी सहा प्रकरणे कलनाची आहेत. ही सहाच्या सहा अकरावीच्या त्या चार प्रकरणांवर उभी आहेत, आणि अकरावीची ती चार वर्षाच्या शेवटी, उन्हाळा लागता लागता, धावतपळत होतात.

कोणी म्हणेल, हे सगळे शिक्षकी तर्क झाले, पुरावा काय? हार्वर्डच्या फिलिप सॅडलर आणि गेरहार्ड सॉनर्ट या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त महाविद्यालयीन कलन-विद्यार्थ्यांची माहिती गोळा करून 2018 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या कलनात कोण चांगले करते, शाळेतच कलन घेऊन आलेला की त्याआधीचे गणित पक्के असलेला, हा त्यांचा प्रश्न होता. शाळेत कलन घेतल्याचा फायदा होतो, पण पूर्वतयारीचे गणित पक्के असण्याचा परिणाम त्याच्या दुपटीहून जास्त आहे, असे त्यांना आढळले. अमेरिकेतल्या गणिताच्या दोन मोठ्या संस्थांनीही 2012 मध्ये एकत्र निवेदन काढून म्हटले होते की बारावीपर्यंत कलनाला पोचवणे हे शालेय गणिताचे अंतिम ध्येय असू नये, पाया पक्का करणे हे असावे. तिथली व्यवस्था आपल्याहून वेगळी आहे हे खरेच. पण जिथे मुले वर्ग निवडू शकतात तिथेच असा फरक मोजता येतो. आपल्याकडे सगळे एका पुस्तकात बांधलेले असल्यामुळे तो झाकला जातो.

दुसरा पुरावा आपल्या घरचा आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा 1207 सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित, गोलाध्याय. ग्रहगणितात भास्कराचार्य ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या क्षणीच्या वेगाचा, विचार करतात. ज्येतील बदल कोज्येच्या प्रमाणात असतो, आजच्या भाषेत sin चा बदल cos च्या प्रमाणात असतो, हे तिथे वापरलेले आहे. याला पूर्ण कलनशास्त्र म्हणणे अतिशयोक्ती होईल, कारण सीमेची, म्हणजे लिमिटची, सर्वसामान्य कल्पना तिथे नाही, आणि आपल्या अभिमानापोटी ती तिथे कोंबूही नये. माझे लक्ष क्रमाकडे आहे. आधी अंकगणित, क्षेत्रव्यवहार, श्रेढी. मग अव्यक्त राशी आणि वर्गसमीकरणे. त्यानंतर ग्रहांची गती. ज्या माणसाला त्या काळी क्षणाचा वेग सुचला, त्यानेही शिष्यासमोर तो आधी ठेवला नाही.

तिसरा पुरावा दिल्लीचा. तिथले गणितशिक्षक मास्टर रामचंद्र यांनी 1850 मध्ये एक इंग्रजी पुस्तक काढले. महत्तम आणि लघुतम किमतींचे प्रश्न, ज्यांसाठी सगळे कलन वापरतात, ते त्यांनी नुसत्या बीजगणिताने सोडवून दाखवले. लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांना ते इतके मोलाचे वाटले की 1859 मध्ये त्यांनी ते तिकडे पुन्हा छापवून घेतले. रीत कशी होती हे आपल्या वावरातल्या उदाहरणावर पाहता येते. एका कास्तकाराकडे 100 मीटर तार आहे. एका बाजूला कालवा आहे, तिथे कुंपण नको. उरलेल्या तीन बाजूंना तार लावून जास्तीत जास्त जागा घेरायची आहे. रुंदी x धरली तर लांबी 100 − 2x, क्षेत्रफळ 100x − 2x². कलन शिकलेला मुलगा डेरिव्हेटिव्ह 100 − 4x शून्य धरील आणि x = 25 सांगेल. बीजगणितवाला पूर्ण वर्ग करील: 1250 − 2(x − 25)². वर्ग ऋण होत नाही, तेव्हा क्षेत्रफळ 1250 चौरस मीटरच्या वर जाऊच शकत नाही, आणि तेवढे होते ते x = 25 असतानाच. पहिल्या रीतीत उत्तर मिळाले. दुसऱ्या रीतीत उत्तराबरोबर कारणही डोळ्यांसमोर उभे राहिले. पूर्ण वर्ग करण्याची ही रीत दहावीच्या वर्गसमीकरणांत आहे, आणि सूत्र पाठ असले की तिची गरज नाही म्हणून ऑप्शनला टाकल्या जाणाऱ्या गोष्टींत तिचा नंबर बराच वर लागतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप प्रवेश परीक्षेचा. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. त्यात सुमारे 20 टक्के भार अकरावीचा आणि 80 टक्के बारावीचा. मग अकरावीवर वर्ष का घालवायचे, सरळ बारावीला लागावे, असा हिशेब क्लासवाले मांडतात आणि पालकांना तो पटतो. हिशेब गुणांपुरता बरोबर आहे, अभ्यासापुरता चुकीचा. बारावीच्या 80 टक्क्यांत अकरावी मिसळलेलीच असते. त्रिकोणमितीची सूत्रे आणि फलन यांच्याशिवाय बारावीच्या समाकलनातली फार थोडी उदाहरणे सुटतात. शिवाय सीईटीसाठी अकरावीची काही ठराविक प्रकरणेच दिलेली असतात, त्यांत फलन, लिमिट, सातत्य आहे, पण कोनाच्या मापनाचे ते पहिले प्रकरण नाही. यादीत नाही म्हणून ते शिकायचे नाही असे ठरवले, तर यादीतले लिमिट हवेत लटकते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि चार पर्याय समोर असतात, म्हणून पर्यायाचे डेरिव्हेटिव्ह घेऊन इंटिग्रेशनचे उत्तर ओळखण्याची युक्ती चालते हेही मान्य. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात पर्याय छापलेले नसतात, तिथे मात्र तीच मुले गणितात मागे राहतात आणि आपण बुद्धीने कमी पडलो असे समजतात.

दुसरा आक्षेप बायोवाल्यांचा. नीटला गणित नाही. ज्याला डॉक्टर व्हायचे त्याने कलनाची चिंता का करावी? ज्याला एमबीबीएस मिळणार हे ठरलेलेच आहे, त्याच्यापुरते हे बरोबर आहे. पण नीट देणाऱ्यांतले फार थोडे तिथे पोचतात. बाकीच्यांतले पुष्कळ फार्मसीला जातात, आपल्या भागातले पुष्कळ कृषी पदवीला जातात. बी. फार्मसीच्या पहिल्या सत्रात, बारावीला गणित नसलेल्यांना पूरक गणिताचा विषय घ्यावा लागतो. त्यात लॉगॅरिथम, आंशिक अपूर्णांक, लिमिट, अवकलन, समाकलन, अवकल समीकरणे आणि वर लाप्लास रूपांतर, हे सगळे एका सत्रात असते. कृषी पदवीतही बारावीला गणित नसलेल्यांसाठी प्राथमिक गणिताचा पूरक विषय आहे, त्यातही अवकलन-समाकलन आहे. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी दोन वर्षांत सावकाश शिकता आले असते ते तिथे चार-पाच महिन्यांत, वसतिगृहाच्या नव्या वातावरणात, शिकायचे. दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्यांचेही तेच. आर्वीतच शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षात कलन येऊन उभे राहते, आणि तिथे पोचणाऱ्याच्या हातात नववी-दहावीच्या गणिताशिवाय काही नसते. वाणिज्य शाखेत चिटणीसाची कार्यपद्धती घ्यावी की गणित, असा पर्याय असतो. ते गणित घेणाऱ्याला बारावीत अवकलन, समाकलन आणि अवकल समीकरणे येतातच. राज्य मंडळाच्या ज्या गणिताच्या पुस्तकाला सगळे विज्ञानाचे म्हणून ओळखतात त्याच्या मुखपृष्ठावर कला आणि विज्ञान असे दोन्ही छापलेले असते, ही गोष्ट अर्थशास्त्राकडे जाऊ पाहणाऱ्या कला शाखेच्या मुलामुलींना कोणी सांगायला हवी.

तिसरा आक्षेप मला स्वतःला जवळचा वाटतो, म्हणून त्याला उत्तर देणे जड जाते. तो असा की हे सगळे चिन्हांचे गणित मुलांना कोरडे वाटते. ते हाताच्या कामाशी, व्यवहाराशी जोडा, मग तयारी आपोआप होईल. हा विचार याच जिल्ह्यातून देशभर गेला. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, आणि नई तालीमच्या त्या योजनेत गणितही हस्तव्यवसायाला जोडलेले होते. सूतकताईत मोजमाप आहे, गुणोत्तर आहे, वेग आहे. कापसाच्या या मुलुखात याहून चांगला आरंभ कोणता? आरंभासाठी मी तो मनापासून मान्य करतो. दर म्हणजे काय, हे टकळीवर किंवा धरणाच्या पातळीपट्टीवर समजते तसे फळ्यावर समजत नाही. पण वर पाहिलेली चूक आठवा. (x + h)² मधले 2xh विसरणाऱ्या मुलाला संदर्भ कमी पडला नव्हता, सराव कमी पडला होता. पेटी शिकणारा मुलगा गाण्याचा भाव समजून घेतो आणि तरीही अलंकार घोटतो. दोन्ही लागतात, आणि शाळेच्या वयात सराव टाळून नंतर तो भरून काढणे फार कठीण जाते.

चौथा प्रश्न भाषेचा, आणि तो आर्वीत नागपूरपेक्षा जास्त टोचतो. दहावीपर्यंत मराठीत गणित शिकलेला मुलगा अकरावी विज्ञानात गेला की पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. सहगुणकाचे कोइफिशंट होते, बहुपदीचे पॉलिनॉमिअल. पहिल्या तीन महिन्यांत त्याला वाटते की आपल्याला गणित येत नाही, आणि त्याच महिन्यांत त्रिकोणमिती आणि कोनमापन होऊन जाते. म्हणून सेमी-इंग्रजी घेतल्याशिवाय कलनाकडे जाऊच नये, असे काही जण म्हणतात. मला हे टोक मान्य नाही. शब्द शंभर-दीडशे आहेत, मे-जूनच्या सुट्टीत त्यांची जोडयादी करून ते अंगवळणी पाडता येतात. उलट मराठी शब्दांत काही वेळा अर्थ आधीच दिलेला असतो. इंग्रजी स्लोप हा शब्द मुलाला वेगळा शिकावा लागतो. चढ हा शब्द तो पाठीवर ओझे घेऊन चालताना शिकलेला असतो. पुलगाव ते आर्वी ही आता बंद पडलेली छोटी रेल्वे साधारण 35 किलोमीटरची होती. तिने ते अंतर समजा अडीच तासांत कापले तर सरासरी वेग ताशी 14 किलोमीटर. पण स्टेशनात उभी असताना वेग शून्य, आणि मधल्या सरळ पट्ट्यात 14 हून पुष्कळ जास्त. अंतर आणि वेळ यांचा आलेख काढला तर जिथे चढ जास्त तिथे वेग जास्त, जिथे आलेख आडवा तिथे गाडी उभी. अवकलनाचा सगळा आशय मराठीत असा सरळ उतरतो.

शेवटचा आक्षेप हुशार मुलांच्या पालकांचा असतो. आमचा मुलगा पुढे आहे, त्याला आठवी-नववीपासून फाउंडेशनला घातले, तो आताच डेरिव्हेटिव्ह काढतो. त्याने मागे का राहावे? त्याने मागे राहू नये. पण नियम पाठ करून xⁿ चे nxⁿ⁻¹ करणे म्हणजे पुढे जाणे नव्हे. त्याच मुलाला समरूप त्रिकोणांचे एक अनोळखी प्रमेय सिद्ध करायला द्या, एक असमानता सोडवायला द्या, परिमिती ठरलेली असताना कोणता आयत सर्वांत मोठा हे बीजगणिताने दाखवायला द्या. त्याला पुढे नेणारे खाद्य इथे आहे. शालेय भूमिती कलनाला सूत्रांपेक्षा एक मोठी गोष्ट देते. प्रत्येक पायरीला कारण द्यायची सवय ती लावते, आणि ज्याला ही सवय लागली त्याला पुढे सातत्याची व्याख्या परकी वाटत नाही.

म्हणून या पुस्तिकेचा क्रम नेहमीच्या मार्गदर्शकांसारखा नाही. तिची सुरुवात सातवी-आठवीच्या विस्तारसूत्रांपासून होते, मग नववीच्या करणी आणि बहुपदी, दहावीचे वर्गसमीकरण पूर्ण वर्गाच्या रीतीने, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. नंतर अकरावीचे कोनमापन, सरळ रेषा आणि सर्वांत जास्त पाने फलनाला. संभाव्यता, निर्धारक, सांख्यिकी ही महत्त्वाची प्रकरणे इथे नाहीत, कारण कलनाच्या वाटेवर ती थेट येत नाहीत. वेळ कमी असेल आणि काही मागे ठेवायचेच असेल तर ती ठेवता येतील, असे माझे मत आहे आणि ते मी उघड सांगतो. फॉर्म भरताना गणिताबद्दल मन डळमळत असेल तर ते ठेवावे, आणि अकरावीच्या दिवाळीपर्यंत पुस्तिकेतली पहिली पाच प्रकरणे हाताने सोडवून पाहून मग काय ते ठरवावे. लिमिट इथे अगदी शेवटी येते, तेही एकाच प्रकरणात.

पहिल्या पानावरच्या पहिल्या स्वाध्यायात मात्र कलन आहे, फक्त त्याचे नाव तिथे लिहिलेले नाही. चौकटीच्या कागदावर x बाजूचे चौरस वावर काढायचे. मग उजवीकडे आणि वरच्या बाजूला h रुंदीची पट्टी वाढवून ते (x + h) बाजूचे करायचे. वाढलेली जागा रंगवायची: x लांबीची एक पट्टी, तेवढीच दुसरी, आणि कोपऱ्यात h बाजूचा छोटा चौकोन. मग h निम्मा करून पुन्हा काढायचे, आणखी निम्मा करून पुन्हा. कोपऱ्यातला चौकोन दर वेळी चौथाईवर येत येत पेन्सिलच्या टोकाएवढा होतो. पट्ट्या बारीक होतात, पण त्यांची लांबी x च राहते. विस्तार करताना मुले ज्या दोन पट्ट्या विसरतात, त्यांनाच h ने भागले की 2x येतात.